खुशालची जोडी

आदेश, तो मोबाइल खिशात ठेव बाबू. अंधारात माणसायचे फोटो नको काढू. रागावून नाई राह्यलो मी. बसा सगळे इथं, काऊन म्हणतो ते सांगतो.

वर्ध्याचे मोतीलालजी तुमाले माहीत आहेत, कापड दुकानवाले. त्यायच्या मालाची गाडी मी चालवतो. त्यायचा पोरगा प्रफुल. दुकानात त्याचं मन लागे नाई. गळ्यात कॅमेरा अडकवून दिवसभर फिरे. भाजीवाल्या बाया, एसटी स्टँडवर गाठोड्यावर डोकं ठेवून झोपलेले लोक, लग्नाच्या मांडवामागं जेवणारे बँडवाले... असे फोटो काढे. कुठं भंडारा, कुठं भजन, की हा निघाला. त्याची एक खोड होती. कार्यक्रम संपून लोक उठले की त्या रिकाम्या जागेचा फोटो घेये. उष्ट्या पत्रावळी, राह्यलेली एखादी चप्पल. मी विचारलं, तं म्हणे, "काका, लोक गेल्यावरच समजते किती लोक होते."

दोन हजार तेवीसचा पोळा. गुरुवार होता. प्रफुल त्याच्या दोस्ताच्या, अंकुशच्या आजोळी गेलता. हिंगणीच्या तिकडं, जंगलाले लागून खेडं आहे. नाव नाई घेत मी.

दिवस मस्त गेला. तोरणाखाली जोड्या लागल्या, झडत्या गाऊन झाल्या, म्हातारे आपापल्या बैलाचं बाशिंग नीट करून फोटोले उभे राह्यले. सूर्य बुडता बुडता पोळा फुटला अन् बैल घरोघरी गेले.

अंकुशची आजी कुंताबाई पोळ्या वाढून राह्यली होती. प्रफुलनं कॅमेरा उचलला तशी म्हणाली, "बापू, आता मैदानावर नको जाजो."

"काऊन, आजी?"

"पोळा फुटल्यावर तिकडं कोणी जात नाई. पोळी गरम आहे, खाऊन घे."

"आलोच म्हणा. रिकाम्या मैदानाचा एकच फोटो घेतो."

अन् गेला.

मैदानावर कोणी नव्हतं. तोरण एका खांबावरून सुटून लोंबून राह्यलं होतं. खाली शेण, गुलाल, बाशिंगाचे कागद. अमावस्या. उजेड भराभर चालला होता. प्रफुलनं फोटो घेतला.

तेवढ्यात बैलाच्या गळ्यातली घाटी वाजली.

जंगलाच्या बाजूनं एक माणूस आला. धुतलेलं धोतर, डोक्याले दुपट्टा. संगं पांढरा बैल, पाठीवर झूल. एका हातात त्या बैलाचा कासरा. दुसऱ्या हातातही कासरा होता... तो मातीत घासत येत होता. मोकळाच.

"आमचा फोटू नाई काढला," तो म्हणे.

"काढतो ना, काका. उशीर केला तुम्ही. दुसरा बैल कुठं आहे?"

"मारला."

प्रफुलले वाटलं, मेला म्हणत असन. "केव्हा?"

"इथंच."

प्रफुल थांबला. बैल त्याच्यापासून हातभर. पण बैलाचा वास नाई. श्वास नाई.

"तू उभा राह्य त्याच्या जागेवर," तो माणूस म्हणे.

"मी? मी तं फोटो..."

कासरा गळ्यात पडला.

एका झटक्यात प्रफुल गुडघ्यावर आला. कॅमेरा खुराखाली गेला, चुरा झाला. मंग खांद्यावर काहीतरी आदळलं. जड. लाकडाचं. गळ्याजवळचं हाड कटकन मोडलं, ते त्याले ऐकू आलं. अन् पाठीत खिळा घुसला. बैलाले टोचाची तुतारी राह्यते ना... तिचा.

"चाल."

पुन्हा खिळा.

"चाल."

त्याची किंकाळी घरापर्यंत गेली. अंकुश ताटावरून उठून पळाला. मोबाइलचा उजेड मारला. त्याले माणूस दिसला नाई. बैल दिसला नाई. प्रफुल दिसला.

हातापायावर पळून राह्यला होता तो.

मान पुढं ताणलेली. गळ्यात दोर नाई, पण दोराचा खड्डा पडलेला. सदऱ्याच्या चिंध्या. पाठीवर एकामागं एक भोकं पडत होती... पाडणारं कोणी नाई. तोरणाखालून जाये. वळे. पुन्हा तोरणाखालून. तळहाताची कातडी निघाली तरी थांबे नाई. अन् बाजूनं, रिकाम्या जागेतून, घाटी वाजत होती.

अंकुशनं त्याच्या कमरेले मिठी मारली. मांडीत शिंग घुसलं. त्यानं ते पाह्यलं नाई, पण आत शिरलेलं समजलं. हवेत उचलून फेकला त्याले. पडल्या पडल्या तो ओरडला, "आजी... आजी वं!"

गाव आलं. मैदानाच्या काठावर उभं राह्यलं. आत कोणी जाये नाई.

कुंताबाई गेली. शेणामातीतच बसली. हात जोडले.

"खुशाल... अरे खुशाल, मी कुंता. हा पोरगा आपल्या गावचा नाई रे. तुले मारलं त्यायच्यातला नाई."

घाटी थांबली.

प्रफुल तसाच, हातापायावर, थरथर कापत. तोंडातून फेस. त्याची मान कोणीतरी वर खेचून धरली होती.

"आज सोड याले," कुंताबाई म्हणाली. "आज सोड."

...

प्रफुल तोंडावर पडला.

अंकुशनं मले फोन केला. मी गाडी घेऊन गेलो. मागं दोघायले निजवलं. दोघायचं रक्त गाडीच्या फळीवरून वाहत होतं. कुंताबाई प्रफुलचं डोकं मांडीवर घेऊन बसली. रस्त्यानं तिनं सांगितलं. ती नवी नवरी असतानाची गोष्ट. तोरणाखालून पहिली जोडी नेण्याचा मान गावच्या मोठ्या घराचा. खुशाल साधा कास्तकार. त्या वर्षी त्यानं आपली जोडी पुढं काढली. त्या घरच्या माणसांनी तिथंच, तोरणाखाली, त्याचा एक बैल कुऱ्हाडीनं तोडला. मंग त्याच बैलाचं जू उचलून खुशालले मारलं. मरतपर्यंत. दुसरा बैल जंगलात पळाला. तो पुन्हा कोणाले दिसला नाई.

दवाखान्यात डॉक्टरनं एवढंच विचारलं, "कोणत्या जनावरानं केलं हे?"

अंकुश आता लंगडतो. प्रफुल वाचला. बरा व्हाले कित्येक महिने गेले. गळ्यावरचा वळ गेला नाई, आवाजही पहिल्यासारखा आला नाई. मैदानावरचं बोलणं त्यानं मले त्या घोगऱ्या आवाजातच सांगितलं. कॅमेरा पुन्हा घेतला नाई. दुकानात बसू लागला.

आता तो वर्ध्यात राहत नाई. इंदूरले, बहिणीकडे, गुंजनकडे असतो. काऊन गेला ते ऐका, अन् मंग सरळ घरी जा.

पुढच्या वर्षी पोळ्याची आदली संध्याकाळ होती. मी मोतीलालजीच्या घरी बसलो होतो. खाली दुकान, वर घर, भर बाजारात. त्यायच्या घरात पिढ्यानपिढ्या कोणी बैल पाळला नाई. प्रफुल आतल्या खोलीत झोपला होता. त्याची आई, प्रमिलाबाई, चहा घेऊन आत गेल्या.

कपबशी फुटली.

मी धावलो. प्रफुल पालथा झोपलेला. सदरा अंगात, बटनं लावलेली. प्रमिलाबाई भिंतीले चिकटल्या होत्या. "रूपरावजी," त्या म्हणाल्या, "त्याचा सदरा काढा."

दोन्ही खांद्यावर सदरा पिवळा होत चालला होता. मी काढला.

पोट्टेहो, पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आपण काय करतो? बैलाचे खांदे शेकतो. लोणी अन् हळद चोळतो. उद्या जेवाले येजो म्हणून कानात आवतण देतो त्याले...

तेच होतं. लोणी-हळद. दोन्ही खांद्यावर. कोणीतरी मायेनं, चोळून चोळून जिरवलेली.

मी हात लावून पाह्यला.

गरम होती.