तीन वाजता विचारायला येणारी

दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. वॉर्डातलं घड्याळ माझ्या खाटेच्या अगदी समोर, दाराच्या वर होतं. त्या दिवसांत मला दुपारची झोप नव्हतीच, त्यामुळे मिनिटकाट्याशी माझी चांगली ओळख झाली होती. ती आली तेव्हा काटा दोनवर होता. पण त्याआधीचं थोडं सांगावं लागेल, नाहीतर काही कळायचं नाही. माझं शिक्षण सातवीपर्यंत, लिहिताना पुढचं मागे होतं. सांभाळून घ्या.

मुलगी झाली आणि अकराव्या दिवशी मला वाटायला लागलं की ही माझी नाही. वाटणं म्हणजे तुम्हा-आम्हाला वाटतं तसं नव्हे. आपल्या हाताला पाच बोटं आहेत हे जसं ठाऊक असतं, तसं ठाऊक झालं. कोणीतरी चेहरा तोच ठेवला आणि आतली नेली. त्याआधी तीन रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता. थकवाही नाही. मी कपाट आवरत होते, विसकटत होते, पुन्हा आवरत होते. सासूबाई शेजारणीला म्हणाल्या, "बाळंतपणाने सून कामाची केली हो!" मग मी बाळाचं दुपटं सोडून तिच्या तळव्यांवर खरी खूण शोधायला बसले, तेव्हा नवऱ्याने चपला माझ्या पुढे ठेवल्या आणि मला मोठ्या इस्पितळात नेलं. मनाच्या आजारांचा बायकांचा वॉर्ड. बाळ सासूबाईंकडे राहिलं. रोज सकाळी तासभर त्या तिला भेटवायला आणायच्या.

सांगितलं तर लोक हसतात, पण त्या वॉर्डाची मला आठवण येते. माहेरची यावी तशी. उंच खिडक्या, फिक्या पिवळ्या लोखंडी खाटा, फिनेलचा वास. दोननंतर उन्हाचे पट्टे फरशीवरून एकेका खाटेकडे सरकत यायचे आणि बायका आपापल्या पट्ट्यात पाय शेकत बसायच्या. एक हात धुणारी होती. तिचा नळ दिवसभर चालू. एक राणी होती, दोन तास झोपून बावीस तास बोलायची आणि ज्याला-त्याला चपला वाटायची, स्वतःच्या आणि आमच्याही. कोपऱ्यातली एक भिंतीकडे तोंड करून असायची. तिचे केस विंचरायची पाळी आम्ही आपापसांत लावून घेतली होती. दाराशी किल्लीमावशी. वॉर्डाची किल्ली तिच्या कमरेला आणि जीभ सगळ्यांच्या डोक्यावर.

इस्पितळ शिकवणारं होतं. डॉक्टर होऊ घातलेली पोरं चार-चारच्या गटाने यायची. चौघांना मिळून दोन बायका वाटून दिलेल्या, मी आणि हात धुणारी एकाच गटाकडे, आणि प्रत्येकाने एकेकीची हकिकत आपल्या कागदावर वेगळी लिहायची. मग मोठे डॉक्टर फेरीला आले की ती वाचून दाखवायची.

"ताई, आवाज ऐकू येतात का?" असं एकाने हात धुणारीला विचारलं.

"येतो की. तुझाच."

अख्खा वॉर्ड हसला. पोरगा कानापर्यंत लाल. त्याला आम्ही लांबुडका म्हणायचो. परीक्षेला तो इतका घाबरायचा की हात धुणारीनेच त्याला बाजूला घेऊन शिकवलं, "हे बघ बाळा, हात स्वच्छ आहेत हे मला कळतं. कळतं तरी धुते. हे आधी लिही, नाहीतर मोठे डॉक्टर तुझा कागद तुलाच खायला लावतील."

मोठे डॉक्टर माझ्या खाटेपाशी आले की आधी पोरांशी त्यांच्या पुस्तकी भाषेत बोलायचे, मग आम्हालाही कळावं म्हणून साधं. एकदा म्हणाले, "बाळंतिणीकडे तीन बहिणी येतात. तोंडावळा एक, स्वभाव वेगळे. पहिली रडकी. येते, उगाच रडवते, दहा-बारा दिवसांत आपली आपण जाते. दुसरी येऊन बसते ती हलतच नाही. बाई जेवत नाही, बोलत नाही, आपण नालायक आई आहोत असं म्हणते. लोक तिला आळशी ठरवतात. तिसरी दार वाजवत नाही. आत आली की घर तिचंच होतं, आणि घरच्या बाईला पत्ताही नसतो. हात धुणारीला आपलं चुकतंय हे कळतं. हिला कळत नाही. फरक तिथे बघा. आणि तिसरी आली असेल तर एक तासही वाया घालवू नका."

मी मान डोलावून ऐकत होते. दुसऱ्या कोणाबद्दल चाललंय असं.

त्या हकिकतीत शेवटी एक प्रश्न असतो. बाळाला किंवा स्वतःला काही करावं असं मनात येतं का? माझ्याकडे येणाऱ्या चौघांतल्या चष्मेवाल्या मुलीने तो मला सकाळच्या भेटीच्या वेळी विचारला. सासूबाई मांडीवर बाळ घेऊन शेजारीच.

"छे! काहीतरीच काय," मी म्हटलं.

"आमच्या घरात असलं काही नसतं हो," सासूबाई म्हणाल्या.

चष्मेवालीने 'नाही' लिहिलं. उरलेल्या तिघांना असं विचारायचं म्हणजे संकोच. ते व्हरांड्यात भिंतीला कागद टेकवून तिचं पाहून उतरवताना मी खिडकीतून पाहिले. चार कागद, चार वेळा नाही.

आठवडाभरात मी रात्री चार तास झोपायला लागले होते. गोड बोलत होते. प्रश्न रोज तेच, त्यामुळे उत्तरं पाठ झाली होती. शाळेत कधी मिळाले नाहीत एवढे मार्क मला तिथे मिळत होते. शुक्रवारी बाळासकट घरी पाठवायचं ठरलं. सासूबाईंनी पाळणा धुऊन ठेवला. आणि माझ्या मनात काय होतं ते चार कागदांत कुठेच नव्हतं.

गुरुवारी तीन दहाला ती आली.

त्या वेळी दार आतून कुलूपबंद असतं. किल्लीमावशी स्टुलावर पेंगत होती. मी डोळे मिटून पडले होते. आधी वास आला, नुकत्याच इस्त्री केलेल्या कापडाचा, गरम. मग मला जाणवलं की काहीतरी थांबलंय. नळ... डोळे उघडले तर हात धुणारी नळाखाली हात धरून उभी होती, पाणी पडताना दिसत होतं, पण आवाज नव्हता. राणीचे ओठ हलत होते. तिचाही आवाज नव्हता.

पायथ्याशी पांढऱ्या कोटातली एक मुलगी बसली होती. वीस-बावीस वर्षांची. हातात कागद नाही.

"सगळे गेले ना?" ती म्हणाली.

"कोण सगळे?"

"ज्यांच्यासमोर खोटं बोलावं लागतं ते."

तिथे सगळे मला तुम्ही म्हणत, ताई म्हणत. तिने एकदम बालमैत्रिणीसारखं विचारलं, "उद्या घरी गेल्यावर पहिल्यांदा काय करणार आहेस?"

"बाळाला... आंघोळ घालणार."

"पाणी किती घेशील?"

इतक्या जणांनी इतकं विचारलं, पण पाणी कोणी विचारलं नव्हतं.

"भरपूर," मी म्हटलं. "तळ दिसणार नाही एवढं."

"का?"

"माझी... माझी खरी असली, तर तळाशी असेल. ही खाली गेली की ती वर येईल."

ती दचकली नाही. तिने मान हलवली, जसं कोणी ओळखीचं गाव ऐकल्यावर हलवतं.

"उद्या हे मोठ्या डॉक्टरांना सांग."

"मग मला बाळ देणार नाहीत."

"देतील. उशिरा देतील." ती उन्हाच्या पट्ट्याकडे बघत होती. पट्टा तिच्या पायांपर्यंत आला होता आणि तिची सावली न पडता पुढेही गेला होता. "मी नाही म्हटलं होतं," ती म्हणाली. "मला बाळ लगेच दिलं."

नळाचा आवाज एकदम सुरू झाला. एवढा मोठा, की मी कानांवर हात ठेवले.

शुक्रवारच्या फेरीत चष्मेवालीने माझी हकिकत छान वाचली. 'बाळाबद्दल वाईट विचार, नाही.' मोठ्या डॉक्टरांनी सहीसाठी पेन काढलं. नवरा दाराशी पिशवी घेऊन उभा.

"डॉक्टर," मी म्हटलं, "काल तुमच्या गटातली पाचवी आली होती. तिने मला वेगळं विचारलं."

"पाचवी?" लांबुडका बावचळला. "आम्ही चौघंच आहोत, सर."

"आणि काल तीनला माझ्यादेखत माशीसुद्धा आत आली नाही," दारातून किल्लीमावशी. "किल्ली इथे, माझ्या कमरेला. कोण येणार गं बाई?"

चष्मेवालीचे डोळे चमकले. नवीन लक्षण सापडलं होतं. "सर, नसलेलं माणूस दिसतंय. हा भासच—"

"भास आहे का ते मागाहून बघू," मोठे डॉक्टर म्हणाले. "ताई, तिने काय वेगळं केलं?"

"आधी सगळे गेलेत ना, ते विचारलं."

ते चष्मेवालीकडे वळले. "तू बाळाबद्दलचा प्रश्न विचारलास तेव्हा कोण होतं?"

"यांच्या... सासूबाई."

"आणि तुम्ही तिघांनी?"

लांबुडका आपल्या बुटांकडे बघत होता. मोठ्या डॉक्टरांनी चारही कागद घेतले, शेजारी शेजारी माझ्या चादरीवर मांडले, आणि पेन खिशात परत ठेवलं. सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं. माझ्या नवऱ्यालाही. मग खाली वाकून हळू आवाजात म्हणाले, "आता सांगा."

मी पाण्याचं सांगितलं.

बाळ त्या दिवशी मिळालं नाही. अडीच महिने लागले. सासूबाई आधी चिडल्या, मग रडल्या, मग रोज डबा घेऊन यायला लागल्या. आणि एका सकाळी भेटीच्या तासात मुलगी माझ्या मांडीवर शिंकली. नाक मुरडून, अगदी माझ्या आईसारखी. मला कळलं, ही माझीच. पहिल्यापासून माझीच होती. मी इतकी मोठ्याने रडले की कोपऱ्यातली भिंतीकडून वळून बघायला लागली.

मोठे डॉक्टर म्हणायचे, औषधाने जे विरतं ते आजाराचं. सगळं विरलं. तळव्यांवरची खूण, तळाशी असलेली दुसरी, आठवलं तरी आता लाज वाटते. पण ती पाचवी विरली नाही. शेवटच्या भेटीत मी त्यांना विचारलं, "डॉक्टर, ती कोण असेल?"

"माहीत नाही, ताई. तीस वर्षांत बाळंतिणीच्या कागदावर कितीदा 'नाही' लिहिलं गेलं असेल, तेही माहीत नाही." मग म्हणाले, "आता तो प्रश्न मी स्वतः विचारतो. दुपारी. घरच्यांना बाहेर बसवून."

आता मुलगी चार वर्षांची आहे. मी कपडे शिवायच्या कारखान्यात काजं-बटणं करते. दुसरं मूल नको असं मी म्हणते, नवरा काही म्हणत नाही. रात्री दोनदा उठून तिच्या नाकाशी बोट धरते. काळजीचा स्वभाव आहे, त्याला औषध नाही, असं सासूबाई म्हणतात.

गेल्या आठवड्यात तिला लस द्यायला नेलं होतं. रांगेत पुढे एक मुलगी, दीड महिन्याचं बाळ हातात, बाळाकडे बघतच नव्हती. डोळे असे की मी ओळखले. तिच्या आईला मी कार्डावर शिक्का मारून आणायला पाठवलं आणि हळूच विचारलं, "बाळाबद्दल मनात काही वेडंवाकडं येतं का गं? मी कोणाला सांगणार नाही."

तिने माझ्याकडे थकून पाहिलं.

"किती वेळा विचारणार, ताई?"

"म्हणजे?"

"परवा दुपारी तुम्हीच नाही का आलात घरी? माझ्या पायथ्याशी बसलात... हाच हिरवा स्वेटर. आई म्हणाली दार लावलेलंच होतं." तिने बाळ माझ्या हातात दिलं. "तेव्हा मला धीर झाला नाही. आज सांगते."

परवा दुपारी मी कारखान्यात होते. वीस जणींनी मला मशीनवर बघितलंय. तिचं घर मला आजही माहीत नाही.

तिला तिच्या आईने आणि मी त्याच दिवशी वॉर्डात नेलं. ती बरी होईल, असं मोठे डॉक्टर म्हणाले.

म्हणून हे लिहिलं. घरात बाळंतीण असेल तर तिला थोडा वेळ एकटीला बोलू द्या, आणि ती जे सांगेल त्यावर ओरडू नका, डॉक्टरकडे न्या. आणि तिला एवढं सांगून ठेवा की भर दुपारी, दार बंद असताना, कोणी पायथ्याशी येऊन बसलं तर घाबरू नकोस, खरं सांग. ती मी असेन किंवा नसेन. हे वाचलंत तर पुढच्या एकीला सांगा, आणि तिला म्हणावं, तिने आणखी एकीला सांगावं.