शून्य टनांचा धूर

नभपालाच्या पडद्यावर हिरवीगार ओळ उमटली : 'आजचं उत्सर्जन शून्य.' आणि काचेपलीकडे ओतशाळेची दहाच्या दहा धुराडी काळा धूर ओकत होती!

नभपाल म्हणजे करवीरनगरावरचं छत्र उघडणारा-मिटणारा संगणक. हवा शुद्ध ठरली की तो सकाळी दहाला छत्र उघडे. त्याची देखभाल करणारी मृण्मयी चौगुले सुट्टीच्या दिवशी डोंगरावरच्या या मनोऱ्यात प्रथमच आली होती. धुराडी डोंगराआड, शहरातून दिसायची नाहीत. तिची लेक ओवी मात्र खाली मैदानात लेझीम खेळायला उभी होती, दम्याचा फवारा खिशात घालून. तिचा दमा दर सोमवारी उसळायचा आणि सगळे रविवारच्या भेळेला बोल लावायचे.

मृण्मयीने दस्तगीरचाचांना फोन लावला. ते ओतशाळेचे मुख्य मिस्त्री. आज खंडेनवमी, ओतकाम बंद, भट्ट्यांना हार घातलेत, असं त्यांनी ऐटीत सांगितलं.

"मग धूर कसला?"

"भट्टी विझवली तर आतलं लोखंड गोठतंय, पोरी. भट्टी तडकते. नुसती तापत ठेवलीया."

मृण्मयीला लख्ख कळलं. "चाचा, नभपाल धूर बघतच नाही. धूरमापकं काजळीनं सारखी बंद पडायची, म्हणून आपणच काढली. तो नुसता गुणाकार करतो. एक टन ओतलं की सरासरी दोन किलो धूर, हा उत्सर्जन-गुणक. आज टन शून्य, म्हणून धूर शून्य."

"मग सांग की त्याला खरं काय ते."

पण गुणक बदलायला किंवा छत्र हाताने रोखायला समितीची बैठक लागे, आणि दहाला अठरा मिनिटं होती. हिशेब शंभर किलोंवर गेला तरच छत्र मिटलेलं राहणार होतं. म्हणजे पन्नास टनांच्या वर ओतायला हवं, तिने चाचांना सांगितलं. भट्ट्यांत साठ टन लोखंड होतं.

चाळीस वर्षांत चाचांनी या दिवशी हत्याराला हात लावला नव्हता.

"ओवी खाली आहे, चाचा."

"हार उतरवा रं," ते पलीकडे कुणाला तरी म्हणाले.

वाळूच्या चरांत लाल लोखंड धावू लागलं. वजनकाट्यावरून टनांचे आकडे नभपालाकडे येत राहिले. दहाला दोन मिनिटं असताना पडदा लाल झाला : एकशे चार किलो. छत्र मिटलेलंच राहिलं. धुराडी मात्र मघाइतकाच धूर ओकत होती.

समितीसाठी मृण्मयीने झरझर लिहिलं : गुणक टनावर नको, भट्टी जळते त्या तासांवर हवा. पुरावा म्हणून तिने मागच्या रविवारांच्या नोंदी उघडल्या.

प्रत्येक रविवारी टन शून्य. प्रत्येक रविवारी छत्र सताड उघडं.

भेळेचा काही दोष नव्हता.