पोचलीस की फोन कर

विमानतळाच्या दारातून बाहेर पडल्यावर टेलरबाई कुणालाही काही न विचारता डावीकडे वळल्या. चौथ्या खांबापाशी विद्यापीठाची बस लागते, हे त्यांना पाठ होतं. खरं म्हणजे त्या इथे पहिल्यांदाच येत होत्या, विमानातसुद्धा पहिल्यांदाच बसल्या होत्या. पण गेली तीन वर्षं दर सुट्टीनंतर हा सगळा रस्ता त्यांनी शिलाई मशिनवर बसल्या बसल्या ऐकला होता. लेक फोन करायची. "आई, बॅग मिळाली." "आई, बस मिळाली, खिडकीची जागा." "आई, मोठा पूल आला." "आई, पाण्याची टाकी दिसली." विमानतळापासून वसतिगृहापर्यंत दीड तासात सात-आठ फोन. दुकानातली गिऱ्हाइकं हसायची. "पोरगी शिकायला गेलीय की रस्ता मोजायला?" टेलरबाई तोंडात टाचण्या धरून नुसतं हं हं करायच्या आणि मनातून सुखावायच्या.

शेवटच्या खेपेला मात्र त्या सुखावल्या नाहीत. शाळा उघडायच्या तोंडावर पन्नास गणवेश अडकले होते, डोकं उठलं होतं. पुलाचा फोन आला तशा त्या खेकसल्या, "अगं, किती वेळा? मला काही कामंधामं आहेत की नाहीत? आता एकदम पोचलीस की फोन कर. मध्ये नको."

"बरं," लेक म्हणाली.

लेक शब्दाची पक्की. टाकीचा फोन आला नाही. टाकीच्या पुढे कालव्याचं वळण आहे, तिथे बस घसरून आडवी झाली. बाकीच्यांना खरचटण्यावर निभावलं. लेक तेवढी गेली. टेलरबाईंनी तर अंथरूणच धरलं, त्यामुळे सगळ्याला त्यांचा भाऊच धावला. येताना त्याने लेकीचा फोन आणला. काच तडकलेली, आतून पार मेलेला. डॉक्टर काय म्हणाले तेही त्याने न सांगता राहायला हवं होतं, पण सांगितलं. पंधरा-वीस मिनिटं ती शुद्धीवर होती, फोन तेव्हा चालू होता, हातातच होता. टेलरबाईंच्या काळजात ते जे घुसलं ते निघालं नाही. पंधरा मिनिटं हातात फोन धरून पोर पडून होती आणि तिने आईला फोन केला नाही, कारण ती पोचली नव्हती.

दोन महिन्यांनी वसतिगृहाचं पत्र आलं. खोली दुसऱ्या मुलीला द्यायची आहे, सामान घेऊन जावे. भाऊ म्हणाला, मी जातो. टेलरबाई म्हणाल्या, तू एकदा गेलास, पुरे. आता मी जाणार.

बस अर्धी रिकामी होती. पन्नाशीच्या, मोजकं बोलणाऱ्या ड्रायव्हरच्या मागची जागा त्यांनी धरली. पलीकडच्या बाकावर दोन विद्यार्थी परीक्षेवरून हुज्जत घालत होते. दुपारचे चार वाजले असतील, पण आभाळ असं काही भरून आलं होतं की रस्त्यावरच्या गाड्यांनी दिवे लावले होते. मोठा पूल आला. टेलरबाई मनातल्या मनात म्हणाल्या, पूल आला गं. मग घरं विरळ झाली, भिंती संपल्या, शेतं लागली आणि लांबवर पाण्याची टाकी दिसली.

टाकी दिसताच ड्रायव्हरने रेडिओ बंद केला. हुज्जत घालणारे विद्यार्थी एकाएकी गप्प झाले. एकाने मान खाली घालून बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधायला घेतली. खिडक्या बंद होत्या, तरी आत ओल्या चिखलाचा, साचलेल्या पाण्याचा वास यायला लागला. आधी अगदी पुसट... मग नाकात बसेल इतका.

आणि मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "काका... मी पोचले का?"

ड्रायव्हरने आरशात पाहिलं नाही. "नाही बाळ. अजून नाही."

"बरं."

ते 'बरं' टेलरबाईंनी लगेच ओळखलं. त्यांनी दांडा घट्ट धरून मागे पाहिलं. शेवटचा बाक रिकामा होता. खिडकीची काच तेवढी आतून धुरकटली होती.

"मागे नका बघू, बाई," ड्रायव्हर हळू आवाजात म्हणाला. "काही करत नाही बिचारी. वळणाच्या आधी रोज एकदा विचारते. अजून नाही म्हटलं की गप्प बसते."

"तुम्ही... हो का नाही म्हणत?"

"खोटं कसं सांगू? पोचली कुठे होती ती? आणि हो म्हटल्यावर ती कुठे उतरेल, ते मला ठाऊक नाही."

"माझी मुलगी आहे ती," टेलरबाई म्हणाल्या.

ड्रायव्हरने गाडी कडेला घेतली आणि थांबवली. त्याने हँडब्रेक ओढला. मग म्हणाला, "मग तुम्हीच काय ते सांगा."

टेलरबाईंना पुष्कळ काही सांगायचं होतं. माझं चुकलं, मी ओरडायला नको होतं, तू शंभर फोन कर, मी एकही गणवेश शिवणार नाही. पण पोर दोन महिने या रस्त्यावर होती, रोज त्याच वळणाच्या अलीकडे, त्यांच्याच एका शब्दापायी. तो शब्द त्यांनाच मागे घ्यायला हवा होता. गाडी थांबली तसा मागून पुन्हा तोच प्रश्न आला.

"काका... मी पोचले का?"

"हो राणी," टेलरबाई म्हणाल्या. "पोचलीस. पोचलीस गं. उतर आता."

पायरीवरून कुणी उतरावं तशी बस जराशी हलली. चिखलाचा वास गेला. विद्यार्थ्याने नाडी सोडून दिली आणि डोळे पुसले. ड्रायव्हरने गाडी सुरू करून वळण पार केलं. टेलरबाई पदर तोंडाला लावून रडत होत्या, पण दोन महिन्यांत पहिल्यांदाच त्यांना छातीभर श्वास घेता येत होता.

विद्यापीठाचं फाटक दिसलं तेव्हा पर्समधला फोन वाजला. लेकीचं नाव होतं. भावाने आणलेला तिचा स्वतःचा फोन त्याच पर्समध्ये पडला होता, तडकलेला, काळा.

"आई, पोचले."

"हो गं माझ्या सोन्या. मी त्या दिवशी तुला..."

"आई," लेक म्हणाली, "पण इथे कुणीच नाहीये."

तिच्यामागे वारा नव्हता, गाड्या नव्हत्या, कसलाच आवाज नव्हता.

"अंधार आहे का गं?"

"नाही. नुसतं... कुणी नाही. आई, मी इथून कुठे जाऊ?"

इथवरचा रस्ता टेलरबाईंना तोंडपाठ होता. पुढचा त्यांना कधी कुणी सांगितला नव्हता. कुठलीही आई जे म्हणेल तेच त्या म्हणून गेल्या. "घाबरू नकोस. तिथेच थांब, हलू नकोस. मी येते."

पलीकडे लेकीने सुटकेचा श्वास टाकला. "बरं. निघालीस की फोन कर."

बस फाटकातून आत वळली. टेलरबाई फोन कानाला तसाच लावून बसल्या होत्या. आणि तो बंद व्हायच्या आधी, लेकीच्या अगदी जवळून, कुणीतरी तिला हळूच विचारलं, "येतेय का?"