उसनी लय

संध्याकाळी साडेपाच वाजता हणमंत कोळेकर तपासणीच्या खुर्चीतून ताडकन उठले आणि लगेच ओशाळून बसले.

"आज पाण्याचा दिवस," ते डॉ. शाहीन मुजावरना म्हणाले. "सोलापुरात तेव्हा चार दिवसांआड नळ यायचा, साडेपाचला. आता चोवीस तास पाणी आहे. पण हिच्या आईला ते सांगणार कोण?"

"मागच्या वेळी बादली घेऊन उभे होते," शेजारी बसलेली त्यांची मुलगी तन्वी हसून म्हणाली.

तिची आई अर्चना जाऊन नऊ वर्षं झाली होती. तिची लय मात्र हणमंतरावांच्या मानेत, तांदळाच्या दाण्याएवढ्या यंत्रात चालू होती.

अपघातात जबर जखमी झालेली माणसं अतिदक्षता विभागातून जिवंत बाहेर पडत, घरी जात, आणि चार-पाच वर्षांत हृदय थकून मरत. कारण पुष्कळ उशिरा कळलं. घाव भरतो, पण शरीराला ते कळत नाही. मेंदूच्या तळाशी धोक्याची घंटा वाजतच राहते. त्यावर लयारोपण हा उपाय निघाला. निरोगी माणसाचे ठोके, झोप, भूक, घाम यांची चाळीस दिवस नोंद करायची आणि रोग्याचं शरीर त्या नोंदीवर चालवायचं. परक्याची लय शरीर झिडकारतं. वर्षानुवर्षं एका छपराखाली राहिलेल्या माणसाचीच धरतं.

ट्रकच्या धडकेनंतर सतरा दिवस व्हेंटिलेटरवर असलेले हणमंतराव त्या जोरावर बारा वर्षं जगले होते. आता यंत्राची मुदत संपत आली होती. नव्या यंत्राला जिवंत माणसाची ताजी नोंद लागते. ती नसेल तर फार तर सहा महिने. तन्वीची नोंद कालच पुरी झाली होती.

"म्हणजे अर्चना जाणार," हणमंतराव म्हणाले.

"मी येईन की. नळासाठी उठवणार नाही."

तपासणी आटोपली तेव्हा सहा वाजून गेले होते. डॉक्टरांनी संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. "काका, रोज सव्वासहाला तुमचे ठोके वाढतात. घशाला कोरड, तळहातांना घाम."

"ते अपघाताचं."

"आम्हीही तसंच समजलो होतो. पण काकूंच्या मूळ नोंदीत ते आहे."

"तेव्हा तर मी इथं खाटेवर होतो."

"हो. तुम्ही घरी नव्हतात. पण शरीराला ते कळत नाही. तन्वीच्या नोंदीतही आहे. सव्वासहाला काय व्हायचं घरी?"

हणमंतरावांनी तन्वीकडे पाहिलं. ती ओढणीचं टोक पिळत होती.

"मी डेपोतून यायचो," ते म्हणाले.

"वळणावर मोटारसायकल वाजली की आई टीव्ही बंद करायची," तन्वी हळूच म्हणाली. "मी वह्या उचलायचे."

"मी कधी..." त्यांनी वाक्य सोडलं. तन्वीनं ते पुरं केलं नाही.

"तेवढं काढता येईल का, मॅडम?"

"लय अख्खीच घ्यावी लागते, काका."

"मग राहू दे."

"सही करा, बाबा," तन्वी म्हणाली. "मला सवय आहे त्याची."

डॉक्टरांनी संमतिपत्र पुढं सरकवलं. भिंतीवरच्या घड्याळात सव्वासहा झाले होते. हणमंतरावांनी पेन उचललं. नावाचं पहिलं अक्षर काढेपर्यंत ते घामानं बोटांतून निसटलं. तन्वीनं ते उचललं नाही. बाप आणि मुलगी, दोघंही एकाच वेळी दाराकडे बघत होती.

दार बंद होतं. बाहेर कोणी नव्हतं.