आई दिसू नये म्हणून

नवं विमान जुन्यापेक्षा हळू का? हा किडा सकाळपासून शाल्मलीच्या डोक्यात वळवळत होता. जुनं बॉम्बफेकी विमान आवाजाच्या दुप्पट वेगाने जायचं. नवं ‘काजळ’ मात्र आवाजाच्याही मागे! आणि ते चालवत होती तिची आई, स्क्वाड्रन लीडर गौतमी. दिवाळीपासून आई पूर्वेकडच्या तळावर होती आणि शाल्मलीला घर खायला उठत होतं.

आज काजळची चाचणी होती. पूर्वेहून येणारं हे विमान इथे, कोकणातल्या सड्यावरच्या (कातळाच्या पठारावरच्या) टेहळणी केंद्राला, उतरण्याआधी सापडलं नाही, तर आई आजच घरी. सापडलं, तर आणखी तीन महिने तिकडेच. गेल्या महिन्यात ते ऐन शेवटच्या टप्प्यात सापडलं होतं.

“आजोबा, तुम्हीच बनवलंत ना हे? मग असलं गोगलगाईसारखं का बनवलंत?” निरीक्षण कक्षात बसल्या बसल्या ती फणकारली.

भास्करराव हसले. काजळचा आराखडा त्यांचाच. “सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं बूड हाताला कसं लागतं?”

“गरम. आतली हवा दाबली जाते ना!”

“शाबास. फार वेगाने जाणारं विमान समोरची हवा अशीच दाबतं. हवा तापते, विमानाचं अंग तापतं. मग त्यातून अवरक्त किरण (डोळ्यांना न दिसणारे उष्णतेचे किरण) भरपूर निघतात. उष्णता टिपणारा कॅमेरा त्यांना लांबूनच पकडतो.”

“आणि रडार?”

“रडार (रेडिओलहरी सोडून परत आलेल्या लहरींवरून वस्तू शोधणारं यंत्र) म्हणजे भिंतीवर चेंडू मारणारी तू. सरळ भिंतीवर मारलास की चेंडू तुझ्याकडेच येतो. भिंत तिरकी असली तर?”

“भलतीकडेच जाईल.”

“काजळचं अंग तसं तिरकं आहे. उरलेल्या लहरी त्याच्यावरचा लेप शोषून घेतो, पण हा लेप फार तापला की खराब होतो. इंजिनही वाकड्या नळीमागे लपवलंय, म्हणून जोर थोडा कमी मिळतो. वेग वाढवला की लपणं कमी, लपणं वाढवलं की वेग कमी. दोन्ही एकदम साधावं म्हणून मी तरुणपणी जिवाचं रान केलं गं. नाही जमलं. अजून हुरहूर लागते.”

“मग गेल्या महिन्यात आई कशी सापडली?”

आजोबा चष्मा पुसू लागले. चष्मा चांगला स्वच्छ होता. “शेवटी तिनं वेग वाढवला. वैमानिकही माणूसच असतो.”

शाल्मलीचा चेहरा उतरला. त्या दिवशी उड्डाणाआधी आईचा फोन आला होता आणि शाल्मली रडत म्हणाली होती, “आई, लवकर ये गं. मला करमत नाही.” आईने ते मनावर घेतलं होतं.

तेवढ्यात फोन वाजला. उड्डाणानंतर बोलायची सोय नव्हती, कारण विमानातून निघालेला संदेशही त्याचा ठावठिकाणा सांगतो.

“शालू, निघते हं मी!”

शाल्मलीला खूप सांगायचं होतं. दात पडलाय, वेणी आता स्वतः घालते, रात्री तुझ्या उशीवर झोपते. पण ती एवढंच म्हणाली,

“आई, सावकाश ये. मी थांबते.”

“बरं, बाळा,” आई म्हणाली. “सावकाशच येते.”

मग वाट पाहणं सुरू झालं. एक पडदा रडारचा, एक उष्णतेचा. आईचा एवढासा ठिपका तरी दिसावा म्हणून जीव तुटत होता, आणि तो दिसू नये म्हणून शाल्मली हात जोडून बसली होती.

“आजोबा, वेगातही थंड राहणारं विमान कधीच होणार नाही?”

“तसं कवच कुणी शोधलं तर कदाचित होईल.”

“मी शोधेन. पण त्याने बॉम्ब टाकायचे नाहीत. माणसांना लवकर घरी आणायचं.”

आजोबांनी तिला जवळ घेतलं. “हे माझ्या कधी डोक्यात आलंच नाही बघ.”

दुपार कलली. दोन्ही पडदे कोरेच होते. आणि अचानक बाहेर धावपट्टीवर चाकं टेकल्याचा आवाज झाला.

शाल्मली दाराकडे धावली.