नागसेनच्या नावाच्या खापऱ्या

श्रुतीबाईंनी रुमालाची गाठ सोडली आणि खापऱ्या टेबलावर मांडल्या. चार तांबड्या, एक काळी.

शाहूपुरीत सायकलच्या दुकानावरच्या खोलीत सयाजी इंगवले यांची कचेरी होती. विमा कंपनीसाठी खोटे दावे हुडकण्यात अर्धं आयुष्य घालवून ते आता खासगी तपास करत. कोपऱ्यातल्या बाकावर बाळासो चौगुले बसलेला असे. एके काळचा पैलवान. अंगानं दणकट, डोक्यानं सावकाश. पण मनात येईल ते तो मोठ्यांदा बोलून टाकी, आणि बाकीचं जग काय समजून बसणार आहे हे सयाजींना त्यावरून आयतं कळे.

"ह्यात चोरीला काय गेलंय?" बाळासोनं विचारलं.

"माझा नवरा," श्रुतीबाई म्हणाल्या. "नागसेन. गारगोटीच्या शाळेत शिकवतात. वेळेवर जेवतात, वेळेवर शाळेत जातात. पण तीन आठवडे झाले, घरात माणूस नाही."

त्यांचा आवाज चढला नाही की उतरला नाही. रडून झालं असावं, किंवा रडू आलंच नसावं.

राजारामपुरीत शशिधर सरांच्या घरी दर रविवारी अथेन्स मंडळ भरे. ज्या गावच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीत रोमन काळातल्या ब्राँझच्या वस्तू निघाल्या, त्या गावाला ग्रीस आणि रोम ठाऊक नसावेत याची सरांना लाज वाटे. म्हणून त्यांनी वीस वर्षांपूर्वी हे मंडळ काढलं. मंडळी मोजकीच, सर सोडून पाच, पण नियम अथेन्सचे. हजेरीला सुद्धा ग्रीकांसारखं नावापुढं बापाचं नाव. आणि वर्षातून एकदा खापरमतदान.

"म्हंजे?" बाळासो.

"अथेन्समधे एखादा माणूस डोईजड झाला असं वाटलं, की लोक फुटक्या मडक्याच्या तुकड्यावर त्याचं नाव कोरून टाकायचे. ज्याच्या नावाच्या खापऱ्या जास्त, तो दहा वर्षं शहराबाहेर. मंडळात एक वर्ष. जो तो आपल्या घरून खापरी आणतो. आजवर सगळे गमतीनं सरांचंच नाव लिहायचे. सर नावापुरते एक दिवस हद्दपार व्हायचे आणि रंकाळ्यावर सगळ्यांना भेळ खायला घालायचे."

"मग औंदा?"

श्रुतीबाईंनी चार तांबड्या खापऱ्या पुढं सरकवल्या. प्रत्येकीवर एकच नाव कोरलेलं होतं. नागसेन गणपती.

"ही काळी ह्यांची. हिच्यावर सरांचं नाव आहे, नेहमीसारखं. मोजणी झाल्यावर खापऱ्या पंचगंगेत टाकायची पद्धत. ह्यांनी त्या रुमालात बांधून घरी आणल्या. म्हणाले, माझ्या नावाच्या आहेत, माझ्याजवळ राहू देत."

सर थकले होते. पाडव्यापासून मंडळाचा रविवारचा वर्ग आणि पुस्तकांची खोली नागसेनकडं सोपवणार, असं त्यांनी दिवाळीत सगळ्यांदेखत सांगितलं होतं. हद्दपार माणसाला वर्षभर उंबरा ओलांडता येत नाही. आता वर्ग सरांच्या पुतण्याकडं, अमरेशकडं जाणार होता.

"वर्गाचं जाऊ दे," श्रुतीबाई म्हणाल्या. "आमच्या मागच्या पिढ्यांना गावाबाहेर ठेवलं होतं. ह्या एका घरात आपण आत आहोत असं ह्यांना वीस वर्षं वाटत होतं. मला एवढंच कळू दे, हे कुणा एकानं केलं की सगळ्यांनी? एकानं केलं असेल तर माणूस सावरतो."

त्या गेल्यावर सयाजींनी खापऱ्या उजेडात धरल्या. आतल्या बाजूला माती चिकटलेली होती. दोन खापऱ्यांच्या एका कडेला गोलसर खाच होती.

"उंदरानं कुरतडल्यागत दिसतंय," बाळासो म्हणाला.

"उंदीर मडकं खातो?"

"न्हाय," बाळासोनं विचार करून सांगितलं.

मंडळातले बसलिंगाप्पा गुळाचे व्यापारी. अडतीच्या गादीवर ते ढेपेला बोटानं टोचत बसले होते.

"म्या सरांचं नाव लिवलं. लोणच्याची बरणी फुटल्याली, चिनीमातीची, तिचा पांढरा तुकडा न्हेलता. नागसेन गौतमचं नाव म्या कशाला लिवू? लई चांगला माणूस हाय."

"मग चार खापऱ्या आल्या कुठून?"

"बाकीच्यांनी लिवलं असंल." ते ढेपेकडं बघू लागले. "सरांच्याच तोंडून ऐकल्यालं हाय, तिकडं एका हिरीत एकाच पुढाऱ्याच्या नावाच्या ढीगभर खापऱ्या घावल्या म्हणं. लिवणारे हात मोजकेच. आधीच लिवून ठेवल्याल्या."

"हे मंडळात सगळ्यांना ठाऊक आहे?"

"व्हय की. दर वर्षाला सांगत्यात."

हंबीरराव निवृत्त सुभेदार. मिशा अजून नोकरीत होत्या.

"कौलाचा तुकडा न्हेलता म्या, मंगलोरी. त्याच्यावर सरांचं नाव. नागसेन गौतमच्या विरुद्ध मी न्हाय. शपथ घालून सांगतो."

"निकाल ऐकून काय म्हणालात?"

"काय म्हणणार? मंडळाचा निकाल."

शिवलीला कॉलेजात शिकवत. निळ्या नक्षीच्या फुटक्या बशीचा तुकडा नेल्याचं त्यांनी सांगितलं. त्यावर सरांचं नाव. "नागसेन गौतम आमच्यात सगळ्यात जास्त वाचलेले," त्या म्हणाल्या आणि घड्याळाकडं पाहिलं. तासाची घंटा व्हायला अजून अवकाश होता.

"सगळी खोटं बोलत्यात," जिन्यात बाळासो म्हणाला. "चारातल्या कुणीच लिवलं न्हाय तर लिवलं कुणी, भुतानं?"

"आणि सगळी खरं बोलत असतील तर?"

"मग तर लईच वंगाळ," बाळासो म्हणाला. का, ते त्याला सांगता आलं नाही. सयाजी मात्र जिन्यातच थांबले.

सरांच्या व्हरांड्यात कुंड्यांची रांग होती. सगळ्या तांबड्या मातीच्या, एका मापाच्या. एक मोगरा तेवढा तेलाच्या पत्र्याच्या डब्यात लावलेला. सरांच्या पत्नी गौराबाई कन्नड वर्तमानपत्र वाचत बसल्या होत्या. बाळासोला पाहताच त्यांनी लाइटीचं बिल पुढं केलं.

"जरा वाचून दाव, बाबा. मी गोकाकची. मराठी बोलाय येतंय, वाचाय न्हाय."

सयाजींनी नागसेनचा विषय काढला.

"सोन्यासारखा पोरगा. आमच्या मुरगूडच्या गणप्याचा की ह्यो. मावांच्या, म्हंजे माझ्या सासऱ्यांच्या रानात होता गणप्या. पोरगं शिकलं, ह्यांनीच शिकवलं." त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. "त्या दिसापासनं ह्ये पण नीट जेवत न्हाईत."

मतदानाची घागर ठेवली जाई पुस्तकांच्या खोलीत. एकेक जण आत जाऊन खापरी टाकी. शेवटी अमरेश गेला होता. त्यानंतर सर एकटे आत गेले आणि घागर घेऊन बाहेर आले.

अमरेश पुण्यात वाढलेला. दोन वर्षांपासून काकांकडं राहत होता. घरातल्याच पाटीचा तुकडा टाकल्याचं त्यानं सांगितलं.

"मुरगूडला जाणं होतं?"

"एकदाही नाही. वडलांचं आणि तिथल्या काकांचं पटत नव्हतं. आता मात्र मीच हवाय त्यांना." तो ओशाळून हसला. "नागसेन गौतम असताना मी वर्ग काय घेणार, हे मलाही कळतं."

"ह्योच," फाटकाबाहेर बाळासो म्हणाला. "घरातला हाय, शेवटाला आत गेलता, आणि वर्ग ह्येलाच घावला. सरळ हाय."

"सरळ आहे खरं," सयाजी म्हणाले.

शेवटी ते गारगोटीला गेले. नागसेननं पाणी दिलं, चहा सांगितला. प्रत्येक प्रश्नाला त्यानं उत्तर दिलं. जणू दुसऱ्याच कुणाबद्दल बोलत होता.

"तपास नको होता मला. श्रुतीसाठी हो म्हटलं. रोममधे माणसाला हद्दपार करताना त्याला आग आणि पाणी बंद करत. सरांनी शिकवलं, तेव्हा बाकीचे चकित झाले होते. तेवढं मला नव्यानं शिकावं लागलं नाही."

"तुमच्या वडलांचं नाव?"

"गौतम. दीक्षा घेतली तेव्हा आबांनी देवाचं नाव सोडलं. माझा जन्म नंतरचा. शाळेत, नोकरीत, सगळीकडं गौतमच."

सयाजींनी पुढचं विचारलं नाही. नागसेनलाही ते विचारलेलं नको होतं, हे त्यांना दिसलं.

रविवारी मंडळ भरलं. सयाजींच्या विनंतीवरून सरांनी नागसेनला एका दिवसापुरती मुभा दिली होती. तो दाराशेजारी बसला, श्रुतीबाई त्याच्याजवळ. गौराबाई स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. सर खुर्चीत होते. कपाळावर भस्म, मांडीवर हात.

सयाजींनी काळी खापरी सतरंजीवर बाजूला ठेवली, चार तांबड्या मांडल्या आणि एकमेकींना भिडवल्या. कडा कडांना बसल्या. दोन खाचा समोरासमोर आल्या आणि मधे एक गोल भोक तयार झालं.

"आयला, कुंडी!" बाळासो म्हणाला.

"पाणी निचरायचं भोक. आत माती अजून चिकटलेली आहे. चार घरांतून आलेल्या चार खापऱ्या एका कुंडीच्या निघतात. ही कुंडी व्हरांड्यातली. तिच्यातला मोगरा आता पत्र्याच्या डब्यात आहे. म्हणजे चारी खऱ्या खापऱ्या काढून घरातल्याच कुणीतरी ह्या घातल्या. घरात माणसं तीन."

अमरेशचा चेहरा उतरला. बाळासोनं मान डोलावली.

"आता नाव बघा. नागसेन गणपती. ह्या मंडळात वीस वर्षं हजेरी होते ती नागसेन गौतम अशी. बसलिंगाप्पा, हंबीरराव, शिवलीलाबाई, अमरेश. माझ्याशी बोलताना सगळे गौतमच म्हणाले. गणपती हे नाव त्या माणसानं नागसेनच्या जन्माआधीच टाकलं होतं. कागदावर कुठं ते उरलेलं नाही. ते फक्त मुरगूडच्या त्या घरात उरलं, जिथं तो रानात राबत होता. त्या घरानं नवं नाव तोंडात बसू दिलं नाही. अमरेश मुरगूडला कधी गेलेला नाही."

बाळासोची मान थांबली.

"गौराबाईंना ते नाव ठाऊक आहे. मला त्यांनीच सांगितलं. पण त्यांना मराठी लिहिता-वाचता येत नाही."

पुढचं सांगायची गरज उरली नव्हती. तरी सयाजींनी सांगितलं; अर्धवट सोडलेला तपास त्यांना आवडत नसे.

"घागर घेऊन तुम्ही एकटे आत होता, सर. एक काळी खापरी तेवढी राहू दिलीत. ती नागसेनची. ती दिसली नसती तर त्यानं विचारलं असतं. बाकीच्या आज पंचगंगेत असत्या, पण त्यानं त्या घरी नेल्या."

सर मांडीवरच्या हातांकडं बघत बोलू लागले.

"वर्ग ज्या खोल्यांत भरतो, त्या मुरगूडच्या भावांच्या नावावर आहेत. वर्ग अमरेशनं घ्यायचा, नाहीतर खोल्या रिकाम्या करा, म्हणाले. शब्द मी दिला होता. माझ्या तोंडानं तो मोडवत नव्हता. मला वाटलं, मंडळानं ठरवलं म्हटलं की..." ते थांबले. "नाव लिहिताना हात मुरगुडात गेला. मला कळलंसुद्धा नाही."

"घरात बसून त्याच्या बापाचं नाव परत गणप्या केलंसा," गौराबाई म्हणाल्या आणि आत निघून गेल्या.

श्रुतीबाईंनी श्वास सोडला. तीन आठवड्यांनी पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं.

"म्हणजे एकानंच केलं," त्या नागसेनला म्हणाल्या. "ऐकलंत ना? एकानंच."

बसलिंगाप्पा लगबगीनं पुढं सरकले. "तेच म्हणतोय मी! आमच्यापैकी कुणीच न्हाय. तू आत ये बघू, हितं बस."

नागसेननं सतरंजीवरची काळी खापरी उचलली.

"आप्पा, तुमचा तुकडा पांढरा होता ना? चिनीमातीचा."

"व्हय."

"हंबीरराव, तुमचं कौल. बाई, तुमची निळ्या नक्षीची बशी. अमरेश, तुमची पाटी." त्याच्या आवाजात राग नव्हता, शाळेत हजेरी घेतल्यासारखा तो एकेकाकडं बघत होता. "सरांनी इथंच पाच खापऱ्या मांडल्या. चार तांबड्या, एक काळी. पांढरी त्यात नव्हती. कौल नव्हतं, निळी नव्हती, पाटी नव्हती. प्रत्येकानं आपली हुडकली असणार. माणूस हुडकतोच. मी पण माझी पाहिली."

हंबीररावांचा हात मिशीकडं गेला.

"मला वाटलं, सरांच्या मनात असंल तसं," हंबीरराव शेवटी म्हणाले. "मधे कशाला बोलायचं."

शिवलीलाबाईंनी पदर तोंडाशी धरला. अमरेश खाली बघत होता. बसलिंगाप्पा अर्धवट पुढं सरकले होते. तसेच बसून राहिले.

बाळासोनं सयाजींकडं पाहिलं. जिन्यात आपण काय बोललो होतो, ते आता त्याला कळलं होतं.

"नागसेन," सर म्हणाले. "वर्ग तुझाच आहे. भावांना मी सांगतो."

"नको, सर." त्यानं वाकून नमस्कार केला, दर रविवारी करायचा तसाच, आणि चपला घातल्या. चार तांबड्या खापऱ्या सतरंजीवरच राहिल्या.

स्टँडवर गारगोटीची गाडी लागलेली होती. श्रुतीबाईंनी खिडकीची जागा त्याला दिली. गाडी सुटली.

"केलं एकानंच," त्या पुन्हा म्हणाल्या. आता त्यात प्रश्न होता.

"लिहिलं एकानं," नागसेन म्हणाला.

कंडक्टर आला. नागसेननं दोन गारगोटी मागितली.