वडिलोपार्जित खोकला

दातांच्या डॉक्टरीणबाई जावयांच्या ऑफिसात आल्या आणि खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाल्या, "मी चोर नाही. आणि मत मागे घेणार नाही. पहिलं तुम्ही सिद्ध करा, दुसऱ्याचं मी बघते."

सासऱ्यांना बाई एकदम आवडल्या. त्यांनी हसायला तोंड उघडलं आणि लगेच मिटलं, कारण बाईंची नजर त्यांच्या दाढेकडे गेली होती.

जावई खासगी गुप्तहेर होते. सासरे निवृत्त होते. घरातलं पंख्याचं बटण दुरुस्त करून करून त्यांनी ते कायमचं बिघडवलं, तेव्हा लेकीने त्यांना नवऱ्याच्या ऑफिसात धाडलं होतं. तिथे बिघडण्यासारखं काही नाही, असं तिचं म्हणणं.

बाईंची हकिगत अशी. शहरात एक श्रवण मंडळ होतं. दर रविवारी जमायचं, जुनी रेकॉर्ड ऐकायची, मग प्रत्येकाने मत द्यायचं. मतभेदाला पूर्ण मुभा होती. फक्त तो कोणी करत नसे. मंडळाचं दैवत म्हणजे एका थोर व्हायोलिनवादकाच्या शेवटच्या मैफिलीची रेकॉर्ड. तिची दुसरी प्रत कोणाच्या ऐकिवात नव्हती.

गेल्या रविवारी ती लागली. बाई मंडळात नव्या. पाळी आली तशा म्हणाल्या, वाजवणारा झोपेत आहे. वर असंही म्हणाल्या की पुढच्या रविवारी मी माझा नवा प्लेअर आणते, त्यावर कदाचित जागा होईल. मग कोणी काही बोलेना म्हणून चहा झाला. चहानंतर बघतात तो कव्हर रिकामं. दारात सगळ्यांच्या पिशव्या तपासल्या. काही मिळालं नाही, पण आळ बाईंवरच आला. जी बाई असं बोलू शकते ती काहीही करू शकते, हा पुरावा.

"आज संध्याकाळी सभा आहे," बाई म्हणाल्या. "चोरी कबूल करायची आणि मत मागे घ्यायचं. नाहीतर मला काढणार आणि गावभर सांगणार. मंडळातले निम्मे माझे पेशंट. चोर म्हणून नाव झालं तर माझ्यापुढे तोंड कोण उघडणार?"

दुपारी सासरे-जावई मंडळात पोचले. टायरच्या दुकानावरची लांबट खोली. भिंतीभर रेकॉर्डी, मधे प्लेअर, आणि समोर मफलर गुंडाळलेल्या एका गृहस्थांचा मोठा फोटो. फोटोखाली पितळी पाटी होती: 'खोकला यांचा'.

"आमचे वडील," अध्यक्ष म्हणाले. त्या मैफिलीत सगळ्यात शांत जागी एक खोकला ऐकू येतो. घनगंभीर, मर्दानी. वडील पहिल्या रांगेत होते. व्हायोलिन थोर आहेच, पण त्या खोकल्याने त्याला घरपण येतं, असं अध्यक्षांनी सांगितलं. ते दर वर्षी सांगत असावेत, कारण चिटणिसांचे ओठ बरोबरीने हलत होते.

प्लेअर चिटणिसांचा होता. "पंचवीस वर्षं झाली, एकदाही दुरुस्तीला नेला नाही," ते म्हणाले, आपल्या पोराला कधी सुई टोचली नाही असं सांगणाऱ्या आईच्या थाटात. बोलता बोलता त्यांनी एक गाण्याची रेकॉर्ड लावली.

सासऱ्यांनी डोळे मिटून ऐकलं. काहीतरी बोलावं म्हणून म्हणाले, "गृहस्थ छान गातात."

खोली हसली. मंडळाचे समीक्षक तर टेबल धरून हसले. "अहो, त्या बाई आहेत. त्यांच्या या खर्जावर मी तीन लेख लिहिलेत."

सासरे चहाच्या कपात शिरले. जावई मात्र त्यांच्याकडे कौतुकाने बघत होते. असं आजवर कधी घडलं नसल्यामुळे सासरे जास्तच घाबरले.

मग जावयांनी एकेकाला खिडकीपाशी घेतलं.

चिटणीस म्हणाले, आपल्याला काही माहीत नाही. त्या रेकॉर्डला हात लावायची कोणाची छाती नाही. पुसायचीसुद्धा अध्यक्ष स्वतः घरी नेऊन पुसतात, गेल्या महिन्यातच पुसून आणली. समीक्षकांचं 'स्तब्धता' नावाचं पुस्तक छापायला गेलं होतं. थोर वादकाच्या वाजवण्यात काळ कसा थांबतो, यावर दोनशे पानं. रेकॉर्ड गेल्याने आपण पोरके झालो, असं ते म्हणाले आणि पुस्तकाची आगाऊ नोंदणी करणार का, हेही त्यांनी विचारलं. अध्यक्ष चोरीपेक्षा नातवाबद्दलच बोलले. कार्ट्याने घरात नवा प्लेअर आणलाय, दिवसभर धांगडधिंगा, स्वतःच्या घरात शांतपणे पेपर वाचायची सोय राहिली नाही.

शेवटी जावयांनी तिघांना एक विचित्र विनंती केली. रेकॉर्ड सापडली तर ओळखू यावी, म्हणून सुरुवातीची ओळ गुणगुणून दाखवा.

चिटणिसांनी गुणगुणली. बसलेली म्हैस उठावी तशी ती ओळ उठली. समीक्षकांचीही तशीच, फक्त म्हैस डोळे मिटून. अध्यक्षांनी मात्र झटक्यात आटपली. माणूस कामात असणार, सासऱ्यांनी मनाशी म्हटलं.

जावई कपाटाच्या खालच्या फळीपाशी वाकले होते. तिथे अध्यक्षांच्या भाषणांच्या रेकॉर्डीचा गठ्ठा होता, रौप्यमहोत्सवाला खास काढलेला. सगळ्या कोऱ्या, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या. एकाचंच प्लास्टिक फाटलेलं.

"चला," सासरे म्हणाले, "एकाने तरी ऐकलं म्हणायचं."

"बाबा," जावई म्हणाले, "आज तुम्ही माझ्याआधी पोचताय."

कुठे, ते सासऱ्यांना कळलं नाही.

संध्याकाळी सभा भरली. डॉक्टरीणबाई आपला नवा प्लेअर काखेत मारून आल्या आणि पहिल्या रांगेत बसल्या. अध्यक्ष कबुलीबद्दल बोलायला उठले, पण जावई आधीच उभे होते.

"चोरी झालीच नाही. पिशव्या तपासल्या, काही मिळालं नाही. म्हणजे रेकॉर्ड खोलीबाहेर गेलीच नाही. मग ती अशा जागी हवी, जिथे कोणाचा हात कधीच जाणार नाही." त्यांनी फाटक्या प्लास्टिकमधून अध्यक्षांची भाषणं काढली. कव्हरमधून दोन तबकड्या निघाल्या. त्यातली एक दैवताची होती. "ही भाषणं कोणी हौसेने ऐकली असतील, यावर माझा विश्वास बसेना."

मागून कोणीतरी खुसखुसलं.

"आता, लपवली कशासाठी? आमच्या सासऱ्यांनी दुपारी सांगितलं, गृहस्थ छान गातात. तुम्ही हसलात. पण ज्याला काही माहीत नाही, तो जे ऐकू येतं तेच सांगतो." त्यांनी गाण्याची ती रेकॉर्ड बाईंच्या प्लेअरवर लावली. स्वच्छ, उंच, बाईचा आवाज खोलीभर पसरला.

चिटणीस खुर्चीच्या टोकावर आले.

"तुमच्या प्लेअरचा पट्टा सैल पडलाय, म्हणून तबकडी हळू फिरते आणि आवाज जाड होतो. एकदम पडला असता तर कळलं असतं. दर वर्षी थोडा थोडा पडला, आणि तुमची मतंही त्याच्याबरोबर जड होत गेली. डॉक्टरीणबाईंचा प्लेअर इथे वाजला असता तर तिघांची पंचाईत होती. चिटणिसांच्या प्लेअरची अब्रू, समीक्षकांची स्तब्धता आणि पितळी पाटी. पण त्यासाठी प्लेअर मंद झालाय हे आधी माहीत तर हवं. या दोघांनी ती ओळ मला संथ म्हणून दाखवली. त्यांनी ती इथेच ऐकलीय. ती भरभर म्हणणाऱ्याने दुसऱ्या प्लेअरवर ऐकली असणार. एकुलती एक रेकॉर्ड घरी नेतं कोण? आणि कोणाच्या घरी नवा प्लेअर आलाय?"

सगळ्या माना अध्यक्षांकडे वळल्या. जावयांनी व्हायोलिन लावलं. थोर वादक खडबडून जागा झाला. शांत जागा आली आणि तिथे कोणीतरी बारीक, चोरटं खोकलं. बाई होती, आणि बिचारी ओशाळली असावी.

अध्यक्ष फोटोकडे वळले. मग म्हणाले, "फोटो पुष्कळ आहेत हो. आवाज कुठेच नाही. एवढा एकच होता."

"आणि तो राखायला माझं नाव बुडवायला निघालात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"हो."

"निदान सरळ बोललात."

सासऱ्यांना स्वस्थ बसवत नसे. पंख्याचं बटणही त्यामुळेच गेलं होतं. त्यांनी विचारलं, "मैफल संपल्यावर टाळ्या वाजवल्या असतील ना वडिलांनी?"

"हात लाल होईस्तोवर वाजवायचे."

"मग आहेतच की त्यात. लावा ना शेवट."

जावयांनी सुई शेवटाला नेली. टाळ्यांचा पाऊस पडला. अध्यक्ष मान तिरकी करून एक एक टाळी चाळत होते. त्यावर कोणी मत दिलं नाही.

मग चिटणिसांनी घसा साफ केला. बाईंवरचा आळ मंडळ मागे घेत आहे. दोष प्लेअरचा होता असं आता ठरलं, तेव्हा बाईंनीही मत मागे घ्यावं, म्हणजे फिटंफाट.

"नाही घेणार," बाई म्हणाल्या. "तुमच्या प्लेअरवर माणूस झोपेतच होता. आता जागा झालेला ऐकला, तर नवं मत देते. शेवटची गाडी चुकेल म्हणून वाजवल्यासारखं वाजवलंय. काढायचं तर काढा."

समीक्षक पुस्तकाच्या शीर्षकावर काट मारत होते, ते थांबले. "शेवटची गाडी? कुठल्या जागी?"

"सगळ्याच जागी."

"साफ चूक," अध्यक्ष म्हणाले, आणि खुर्ची ओढून बाईंच्या समोर बसले. "पहिल्यापासून लावा. दाखवतो मी."

मंडळाच्या इतिहासातला पहिला मतभेद असा सुरू झाला. टायरवाला दुकान बंद करून वर तक्रार करायला आला, तोही मत देऊन बसला.

जिना उतरताना सासरे दोनदा थांबले. तिसऱ्यांदा म्हणाले, "जावईबापू, खरं सांगू? मला ते गाणारे गृहस्थच जास्त आवडले होते."

"बाबा, ते गृहस्थ नव्हतेच."

"नसू देत," सासरे म्हणाले. "मत मागे घेणार नाही."